दगडांत सोडलेली हदबा

आमच्या तंबूत मुत्लकनं कॉफीचा पेला ओठांना न लावताच चटईवर ठेवला.

पाहुण्यानं पेला असा ठेवला की त्याला काही मागायचं असतं. मागणं मान्य होईपर्यंत तो पीत नाही, आणि त्याची कॉफी निवत गेली की यजमानाची मान खाली जाते. मुत्लक काय मागणार ते मला ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला, सत्तामला, ठाऊक होतं. फक्त आमच्या कुत्रीला, हदबाला, ठाऊक नव्हतं. ती सत्तामच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून, लांब पापण्या मिटून पडली होती.

मुत्लकच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सासरचे शिकारी. सासरा म्हणाला होता, सुनेबरोबर तुमच्या घरची एक सलुकी कुत्री येऊ द्या, सशामागं धावणारी. मुत्लकच्या घरी तर त्या वंशाचं आता एकही उरलं नव्हतं. हदबाची आई त्याच्याच बापानं आम्हाला दिलेली. सलुकी विकत नाही कुणी, ती दिली जाते. आणि दारी आलेल्यानं मागितली तर नाही म्हणायला आम्हाला जीभच नाही.

"पेला राहू दे," सत्ताम म्हणाला. "आधी तिचं धावणं बघ, मग तोंड उघड. नाहीतर उद्या माझ्या नावानं बोटं मोडशील."

"बघायचं काय त्यात, अबू मतर? तिच्या आईला माझ्या बापानं स्वतःच्या हातानं दूध पाजलंय. तुला दिली त्या रात्री म्हातारा जेवला नव्हता." आमच्या मुलाच्या, मतरच्या, नावानं सत्तामला सगळे अबू मतर म्हणतात आणि मला उम्म मतर.

"मग बापासारखा तूही उपाशी राहा जरा वेळ."

दोघं हसले. सत्तामचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

पिकअपच्या मागच्या बाजूला मी हदबाला कुशीत घेऊन बसले. माझ्याशिवाय ती गाडीत ठरत नाही. तिचे तळवे मेंदीनं विटकरी झाले होते. मेंदी मीच लावते, कातडी घट्ट व्हावी म्हणून, आणि लावताना गुणगुणते:

हदबा माझी निघाली, वाऱ्याआधी पोचली
मागं राहिली सावली, उन्हामधी गं ठेचली

पण मेंदी कातडी घट्ट करते. हाडाला ती काय करणार?

वाट फुटते तिथं डावीकडं वाळलेल्या तळ्याचं पांढरं मैदान, तव्यासारखं सपाट. उजवीकडं हर्रा, क्षितिजापर्यंत काळे दगड, जणू आभाळ जळून खाली सांडलंय. सत्तामनं गाडी उजवीकडं वळवली.

"अरे, इकडं कुठं?" मुत्लकचा आवाज आला. "मैदान राहिलं तिकडं."

"यंदा ससे इकडं सरकलेत. तिकडं चारा नाही."

सकाळीच मी मैदानाच्या कडेला सशाच्या ताज्या लेंड्या पाहिल्या होत्या. मी टपावर थाप मारली. "अबू मतर, इथं नको! दगडांत नको तिला!"

"तू तिला धर," तो मागं न बघता म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

तेव्हा मला त्याचं गणित कळलं. मैदानात सशाकडं पायांशिवाय काही नसतं. हदबाची पाठ धनुष्यासारखी वाकते, सुटते, आणि दोन झेपांमधलं अंतर मिटत जातं. हर्रात तसं नाही. ससा एका दगडाला वळसा घालतो आणि नाहीसा होतो. लांब पायांच्या जनावराला दर वळणावर अंग आवरावं लागतं, आणि नजर सशावर असल्यामुळं पाऊल कुठं पडतंय ते त्याला दिसत नाही. भलेभले सलुकी तिथून रिकाम्या तोंडानं, पंजे चाटत परतलेत. हदबाही परतेल. मुत्लक म्हणेल, म्हातारी झाली बिचारी. आणि कॉफी पिऊन जाईल.

गाडीतून उतरून थोडं चाललो असू, तोच एका झुडपाखालून ससा उठला. सत्तामनं तिच्या गळ्यातला पट्टा सोडवला. तोंडातून शब्द काढला नाही.

हदबा गेली.

पहिल्याच वळणाला ससा हरवला. ती थांबली, मान उंचावली. सत्तामचा श्वास सुटलेला मी ऐकला. पण पुढच्याच क्षणी तिनं उडी मारून एक उंच दगड गाठला आणि तिथून रान न्याहाळू लागली.

"चढून बघतेय रे!" मुत्लक ओरडला. "शाबास गं माझ्या बाई!"

ससा तिला दिसला. मग ती दगडावरून दगडावर अशी गेली, जणू तिला जमीन नकोच होती. घसरली, सावरली, पुन्हा झेपावली. तिला कुणी सांगितलं नव्हतं ना, की आज हरायचं आहे.

"सोड," सत्ताम पुटपुटत होता. "सोड त्याला. ये माघारी."

ती उतारापलीकडं दिसेनाशी झाली. मग एकदाच, आखूड असं केकाटणं ऐकू आलं.

माणसाला त्या दगडांत धावता येत नाही. हातापायांवर, ठेचकाळत आम्ही पोचलो, तोवर बराच वेळ गेला होता. हदबा आडवी पडली होती. ससा तिच्या जबड्यात, केव्हाच गार झालेला. तिचा पुढचा पाय दोन दगडांच्या फटीत होता, आणि फटीच्या वरचा भाग भलतीकडं वळलेला. सत्ताम दिसताच तिनं शेपटी हलवली. ससा त्याच्या पायाशी ठेवला.

मी सवयीनं कमरेची सुरी काढली.

"राहू दे, उम्म मतर," मुत्लक म्हणाला. "हा खाता यायचा नाही. जिवंत असता तर सुरी फिरवली असती."

"का? तिनंच तर मारलाय."

"सोडताना अल्लाचं नाव घेतलं, तरच कुत्र्यानं मारलेलं चालतं. आज कुणी घेतलं? मी कान देऊन होतो."

सत्ताम फटीतला दगड हलवत होता. त्याचे हात थांबले. हा माणूस भाकर मोडायच्या आधी नाव घेतो, गाडीची किल्ली फिरवायच्या आधी घेतो. शिकारीची आशाच नसेल, तेव्हाच ते राहून जातं.

मुत्लकनं चहूकडचे दगड पाहिले. मग लांबवर चमकणारं पांढरं मैदान पाहिलं. घरी ठेवलेला भरला पेला त्याला आठवला असावा.

"तिनं पकडावं असं तुझ्या मनातच नव्हतं," तो हळू म्हणाला.

सत्ताम पुन्हा दगडाला भिडला.

"नाही म्हणायचं होतंस, भावा. एका शब्दाचं काम."

"पाहुण्याला? माझ्या तंबूत?"

"मग दिली असतीस. माझ्या पोरीच्या दारात पळत तरी राहिली असती."

सत्तामनं डोक्याचं फडकं सोडलं आणि तिचा पाय बांधला. बांधताना ती त्याचं मनगट चाटत होती. त्यानं तोंड वळवलं. मग लेकराला घ्यावं तसं तिला छातीशी धरून तो त्या दगडांतून चालत निघाला. मुत्लकनं ससा कावळ्यांसाठी तिथंच ठेवला.

तंबूत आल्यावर मी निवलेली कॉफी ओतून टाकली, ताजी भरली. मुत्लकनं पेला घेतला आणि सरळ पिऊन टाकला. काही मागितलं नाही. मी भाकर आणि तूप वाढलं. एरवी चिमणीसारखं खाणारा तो माणूस त्या दिवशी पोटभर जेवला, पुन्हा मागून जेवला. सत्तामच्या तंबूतून पाहुणा उपाशी गेला, असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. मग उठला आणि गेला. त्यानंतर आमच्याकडं तो आला नाही.

पाय जुळला, पण वाकडा. हदबा आमच्याकडंच राहिली.

थंडीत आम्ही मैदानाच्या कडेला उतरतो. संध्याकाळी कधीतरी समोरून ससा जातो, निवांत. हदबा तीन पायांवर उभी राहते, तंबूच्या शेवटच्या दोरीपर्यंत लंगडत जाते, आणि मान वळवून सत्तामकडं बघते. सोड म्हणते.

सत्ताम उठतो. तिच्याजवळ बसून तिच्या दोन्ही डोळ्यांवर तळहात धरतो.

"गेला ससा," मी आतून सांगते.

"कळलं," तो म्हणतो. हात मात्र काढत नाही.