पट्टीखालचा दिवा

मित्रांनो, मला जुना म्हणा, काळवंडलेला म्हणा, हवे तर कटकट्या म्हणा. पण खोटारडा म्हणू नका, ते मी ऐकून घेणार नाही. मी मोटारीच्या चाकातला सेन्सर आहे. टायर आणि रिम यांच्यामधल्या अंधारात, हवा भरायच्या व्हॉल्व्हला चिकटून मी राहतो. टायरमधली हवा मोजायची आणि ती कमी झाली की चालकासमोरचा पिवळा दिवा लावायचा, एवढेच माझे काम. काम छोटे असले तरी गाडीत बसलेल्यांचा जीव त्यावर असतो. म्हणून मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथे एका यंत्राने माझ्या पोटात इवलीशी बॅटरी ठेवली आणि वरून मला कायमचे बंद करून टाकले. ती बॅटरी कधी बदलता येत नाही. बरोबर दिलेली शिदोरी संपली की आमचा प्रवास संपतो.

माझी पहिली नेमणूक कॅनडातल्या कॅलगरी शहरात झाली. नाशिकचे गिरीश आणि पूर्णिमा हे जोडपे आपली छोटी मुलगी ईश्वरी हिला घेऊन तिथे राहत होते. तिथल्या थंडीत साधे टायर लाकडासारखे कडक होतात आणि बर्फावरून घसरतात. म्हणून लोक हिवाळ्यासाठी मऊ रबराच्या टायरांचा वेगळा संच ठेवतात, तोही वेगळ्या रिमांवर बसवलेला. तो घ्यायला दोघे दुकानात आले. गिरीशची नजर आल्या आल्या चकचकीत रिमांवर गेली.

"या रिममध्ये सेन्सर नाहीत, दिवा हिवाळाभर पेटलेला राहील," दुकानदार म्हणाला. "बहुतेक लोक चालवून घेतात."

"आपणही घेऊ," गिरीश म्हणाला. "मस्त दिसतायत."

पूर्णिमा तिथेच थांबली. "दिवा कायम पेटलेलाच असला, तर खरंच हवा गेल्यावर आपल्याला कळणार कसं? मला साध्या काळ्या लोखंडी रिमा चालतील. सेन्सर मात्र पाहिजेत."

अशा रीतीने मी त्या घरात आलो. कडाक्याच्या थंडीत हवा आकसते. सकाळी गाडी सुरू झाली की मी दिवा लावायचो, पूर्णिमा आधी हवा भरायची आणि मगच ईश्वरीला शाळेत सोडायला निघायची. एकदा बर्फाखालच्या खिळ्याने टायर हळूहळू बसत होता. मी ते वेळेवर सांगितले. "शहाणा आहे हा!" ती म्हणाली. ते कौतुक मला अजून पुरते.

पुढे गिरीशला कतारमध्ये नोकरी लागली. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी दोहात स्टेडियम उभी राहत होती आणि त्यातल्या एकावर तो इंजिनिअर म्हणून रुजू होणार होता. कंपनीने गाडीही जहाजाने न्यायची सोय केली. तेव्हा ऐन जानेवारी होता, गाडीला आमचीच चाके होती. उन्हाळी चाके जुनी झाली म्हणून गिरीशने शेजाऱ्याला देऊन टाकली. "तिकडे पोचलो की लगेच नवीन टायर घेऊ," असे त्याने पूर्णिमाला सांगितले.

पण दोहात पोचल्यावर निराळाच प्रकार झाला. अल सद्द भागातल्या त्यांच्या इमारतीखाली गाडी उभी राहिली आणि आमच्या टायरच्या कडेवरचे चिन्ह, डोंगर आणि त्यात हिमकण, लोकांच्या नजरेत भरले. शुक्रवारी मराठी मंडळी जेवायला आली की गिरीश त्यांना आधी खाली न्यायचा. हिमकणावर बोट ठेवून बर्फातल्या गोष्टी सांगायचा. मंडळी वाहवा करायची आणि मुले फोटो काढायची. वाळवंटात बर्फाचे चाक बाळगणारा अख्ख्या गल्लीत तो एकटाच होता. मग टायर बदलायचे नाव कोण काढणार?

पूर्णिमाने काढले. मार्च सरला तेव्हा काढले आणि मे लागला तेव्हा पुन्हा काढले.

"अगं, अजून निम्म्याहून जास्त रबर शिल्लक आहे," गिरीश म्हणायचा. "चांगले टायर टाकून द्यायचे का?"

मित्रांनो, तो निम्मा टायर तापल्या डांबरावर रोज कसा झिजत होता, हे मला आतून कळत होते. मऊ रबर थंडीसाठी जन्मलेले. इथल्या उन्हात ते मेणासारखे लोळायला लागले.

जूनच्या अखेरीस शाळा बंद झाल्या. आखातातल्या रिवाजाप्रमाणे बायका-मुले मायदेशी गेली आणि नवरे दोन महिन्यांचे ब्रह्मचारी झाले. पूर्णिमा आणि ईश्वरी नाशिकला गेल्या. गिरीश तयार पराठे खाऊन साइटवर जाऊ लागला. घरातली झाडे वाळली. भांडी बेसिनमध्ये साठली. "त्या यायच्या आत आवरू," हे त्याचे ठरलेले उत्तर, आणि माझ्या वाट्यालाही तेच आले.

मेट्रोसाठी, रस्त्यांसाठी सारे शहर खणून ठेवले होते. एका वळणरस्त्यावर बांधकामाचा बारीक खिळा माझ्या टायरमध्ये घुसला आणि हवा अगदी सावकाश जाऊ लागली. मी दिवा लावला. गिरीशने हवा भरली. हवा पुन्हा गेली, मी पुन्हा दिवा लावला. तिसऱ्यांदा मात्र तो वैतागला आणि नजमा भागातल्या खलीलच्या पंक्चरच्या दुकानात गाडी घेऊन गेला.

दुकानात गर्दी होती. खलीलने टायर बघायच्या आधी हिमकण बघितला आणि हसत सुटला. "साहब, स्नो टायर? यहाँ? इसका सेन्सर भी गर्मी से पागल हो गया होगा. टेप लगा दो, खलास!"

गिरीशलाही घाई होती, टायर कोणी तपासलाच नाही. त्याने तिथलीच काळी चिकटपट्टी मागितली आणि माझ्या दिव्यावर लावून टाकली.

मी पागल! बर्फात एकदाही चुकलो नाही तो मी पागल! साइटवर कोणाच्या हेल्मेटचा पट्टा सुटला तरी काम थांबवणारा हा माणूस, आणि याने माझ्या तोंडावर पट्टी मारली. मला भयंकर राग आला. पण रागावून गप्प बसलो असतो तर खलीलचेच खरे ठरले असते. मी ठरवले, बघणारे कोणी असो नसो, दिवा लावायचा म्हणजे लावायचा. अख्खा ऑगस्ट मी त्या पट्टीखाली दिवा लावत राहिलो. गिरीश आठवण झाली की हवा भरायचा, नाही तर तसाच जायचा. कमी हवेवर पळून पळून टायरच्या आतल्या थरांची पकड सुटत चालली होती.

ऑगस्ट संपता संपता त्या दोघी परत आल्या. गिरीशने दुपारी विमानतळावरून त्यांना घेतले. मागे लोणच्यांच्या बरण्यांनी जड झालेल्या बॅगा, त्यांच्यापुढे ईश्वरी आणि नेमके तिच्याच खाली माझे चाक. मला धडकी भरली. मी जीव तोडून दिवा लावला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि पूर्णिमाचे लक्ष समोर गेले. "गिरीश, ही काळी पट्टी कसली रे?"

"ती होय? टायरचा दिवा उगाच लागतो. उन्हानं सेन्सर बिघडलाय. इथे सगळे हेच म्हणतात."

"उन्हानं हवा फुगते की बसते?"

गिरीशने आरशात बघून लेन बदलली.

"तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग. बाहेर भट्टी पेटलीय, टायर तापलेत, अशा वेळी हवा वाढायला पाहिजे. दिवा कमी हवेचा लागतोय, म्हणजे ती कुठून तरी जातेय. तुझ्या साइटवर कोणी अलार्मला टेप लावली असती, तर त्याला तू कामावर ठेवलं असतंस?"

"अगं, घर आलंच आता..."

"घर नंतर. आधी गाडी बाजूला घे."

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" मागून ईश्वरीने विचारले.

"काही नाही बाळा, आपण जरा उतरतोय." पूर्णिमाने नखाने पट्टी ओरबाडून काढली. माझा पिवळा दिवा साऱ्यांसमोर झळकला. मित्रांनो, त्या क्षणी मला गाडीचा भोंगा वाजवता आला असता तर मी तोही वाजवला असता!

मागून मोठ्या गाड्या दिवे मारत होत्या. गिरीशने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि सगळे उतरले. अंगाची लाही होत होती. पूर्णिमा ईश्वरीला घेऊन कठड्यापलीकडे उभी राहिली. गिरीश माझ्या चाकाशी येऊन वाकला. बाहेरून हिमकण अजून शाबूत दिसत होता. मग त्याने खाली डोके घालून आतली बाजू बघितली. तिथे रबराचा मोठा पापुद्रा सुटून लोंबत होता आणि आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. त्याने घाबरून हात मागे घेतला. तेवढ्यात माझ्याभोवतालची उरलीसुरली हवा फस्सकन निघून गेली आणि गाडी एका अंगावर बसली.

कोणालाही ओरखडा उठला नाही. तरी गिरीशच्या तोंडचे पाणी पळाले होते. ईश्वरी जिथे बसली होती त्या दाराकडे तो बघत राहिला.

"बाबा, इफ वी डिडन्ट स्टॉप?" तिने विचारले.

त्याने तिला उचलून घेतले. "मला ते बोलवत नाही गं," तो म्हणाला आणि रस्त्यावरच रडू लागला. पूर्णिमाच्या ओठांवर बरेच काही आले होते, पण तिने ते गिळले. ती म्हणाली, "हवेची गोष्ट आपण दोघांनी बघायची. मी इथे नसले तरी."

त्याच संध्याकाळी ते चारही टायर निघाले आणि उन्हात टिकणारे नवे टायर आले. हिमकणाचा फोटोसुद्धा कोणी काढला नाही. रबराच्या काळ्या भुकटीत माखलेल्या मला गिरीशने आपल्या रुमालाने पुसले. त्याने मला सॉरी वगैरे म्हटले नाही, आणि यंत्राला कोण म्हणतो? पण मी नव्या टायरमध्ये बंद होण्याआधी त्याने मला पुन्हा पुन्हा पुसले, आणि मी त्याला माफ केले.

आता माझी बॅटरी उतरत आली आहे. एक दिवस मी थांबेन, तेव्हा माझ्या जागी दुसरा बसवा, मला वाईट वाटणार नाही. मित्रांनो, मागणे एकच आहे. धोका सांगणारा तुम्हाला कटकट्या वाटला, त्याचा कंटाळा आला, तरी त्याला वेडा ठरवण्याआधी एकदा गाडीतून उतरा आणि वाकून बघा. माझे म्हणाल, तर तुम्ही बघा किंवा बघू नका, हवा कमी झाली की मी दिवा लावणारच.