बाप्यामाणसाचं ऑपरेशन

"बायकांच्या रांगेत बाप्याला बसवलाय. काय म्हनायचं आता याला," जानकीबाई समोरच्या भिंतीला सांगावं तसं पुटपुटल्या.

बाकावर त्यांच्या शेजारी सून योगिनी, तिच्या पलीकडे मुलगा मुकेश. शहापूरच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या खोलीबाहेर तीन बाकं होती आणि मुकेश सोडला तर सगळ्या बायकाच. जी ती आधी योगिनीच्या पोटाकडे बघे, मग केसपेपर हिच्या नवऱ्याच्या हातात कसा म्हणून पुन्हा वळून बघे. किन्हवलीच्या भातगिरणीत पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन पळणारा गडी, पण इथे एक कागद धरून घामाघूम झाला होता.

नसबंदी हा शब्द घरात अजून कोणी तोंडातून काढला नव्हता. 'ते काम' म्हणायचे. गिरणीच्या मालकाकडे सुट्टी मागताना मुकेशने मुतखडा सांगितला, आणि तिथेच फसला. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून कुळथाचं पाणी आलं. कोणी पानफुटीची पानं आणली. शेजारचे जयरामकाका तर आपला पडलेला खडा डबीत घालून दाखवायला आले. नसलेल्या खड्यासाठी मुकेश आठ दिवस कुळीथ पीत होता आणि योगिनी पदरात तोंड घालून हसत होती.

हसण्याचे दिवस तिला फारसे आले नव्हते. दोन्ही बाळंतपणं सिझरची. दुसऱ्या वेळी रक्त चढवावं लागलं, ते अजूनही कमीच भरत होतं. गावातली आशा कार्यकर्ती पौर्णिमा घरी येऊन म्हणाली, हिचं पोट परत उघडण्यापेक्षा मुकेशदादाचं काम सोपं. मुकेशने एकच विचारलं, दुखतं का. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मीच जातो."

जानकीबाईंनी वाढता वाढता भाताचं पातेलं खाली ठेवलं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: बाप्या कमजोर होतो, पोती कोण उचलणार, पुढच्या आठवड्यात बायकांचा क्यांप आहे, साऱ्या बायका करतात. आज सकाळी कोणी बोलावलं नसताना त्या एसटीत येऊन बसल्या होत्या.

सिस्टर बाहेर आल्या तशी योगिनी उठली. दोनदा पोट उघडलं गेलं तेव्हा तिला कोणी काही दाखवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. आज तिला सगळं हवं होतं. किती वेळ, केवढं भोक, टाके किती? सिस्टरनी सांगितलं, वीस मिनिटं, टाका नाही, शेवईएवढ्या दोन नळ्या बंद करायच्या. आठवडाभर ओझं उचलायचं नाही, तीन महिने काळजी घ्यायची, मग तपासणी. योगिनीने आवाज खाली आणला. "आनि नंतर मानूस तसाच राहतो ना?"

"तसाच," सिस्टर म्हणाल्या. "भांडतोपण तसाच."

मागच्या बाकावरची एक बाई फिसकन हसली. मुकेशही हसला. जानकीबाई हसल्या नाहीत.

त्यांना तहान लागली होती, हे योगिनीला ओठांवरून दिसत होतं. पाण्याचा फिल्टर समोरच्याच वॉर्डात, दारापासून चार पावलांवर. आत ऑपरेशन झालेल्या बायका झोपल्या होत्या. "आई, पानी पिऊन या," योगिनी दोनदा म्हणाली. जानकीबाईंनी त्या दाराकडे पाठच फिरवली. गावातली प्रत्येक बाळंतीण जिच्या हातून न्हालेली, ती बाई चार खाटांना का बिचकते? योगिनीला उलगडेना. तिने जाऊन बाटली भरून आणली. ती त्यांनी नुसती मांडीवर धरून ठेवली.

"मुकेश भोईर," आतून पुकारा झाला.

मुकेश उठला नाही. आईकडे बघत राहिला. "आये, तू सांग. जाऊ का नको?"

जानकीबाईंनी बाटलीचं झाकण पिळून घट्ट केलं. दुसरा पुकारा झाला. योगिनीने मुकेशच्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि घडी घातली.

"ऱ्हाऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या मनाला नको आसंल तर घरी जाऊ. मी जाईन पुढच्या हप्त्यात क्यांपला."

आठ दिवस सासूला हवं होतं ते हेच. योगिनीला वाटलं, आता म्हातारी पिशवी उचलेल. पण जानकीबाईंनी तिचं मनगट धरलं, एवढं घट्ट की बांगडी रुतली.

"जा रे तू आत," त्या मुकेशला म्हणाल्या. "हिला नाय पाठवायची."

मुकेश अर्धवट उठून थांबला.

"तुजी मावशी, बुधी. ती तापानं नाय गेली." घरात बुधीमावशीचं नाव निघालं की ताप एवढंच सांगितलं जाई, पुढे कोणी विचारत नसे. "शाळंत क्यांप भरलेला. करून आली आनि पाचव्या दिशी गेली. तिचा नवरा सोता जायला तयार होता." जानकीबाईंचा आवाज बाकापलीकडे जात नव्हता. "मीच बोलली त्याला. बाप्याला नको, बाईला पाठव."