छपरावर उतरलेले पाहुणे

दोघी बहिणींचा धंदा पन्हळींवर जाळ्या बसवायचा. छपराच्या कडेने पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ पानांनी, काड्यांनी, शेवाळाने तुंबली की पाणी भिंतीत मुरतं, आणि भिंतीला ओल आली की घरमालकाला या बहिणी आठवतात. थोरली शिडीवर चढायची, धाकटी खालून माप घेऊन जाळीच्या पट्ट्या वर द्यायची. बापाने धंदा यांच्या हाती सोपवला तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले होते, बायका शिडीवर काय टिकणार! आता तेच लोक फोन करून विचारायचे, आमचा नंबर कधी लावताय?

थोरलीला छपरांचं काही अप्रूप उरलं नव्हतं. पन्हळीत हात घातला की काय लागणार ते ती डोळे मिटून सांगायची. कुजकी पानं, पिसं, फुटके चेंडू. एकदा तर खोट्या दातांची कवळी निघाली होती. ती वर गेली कशी, यावर धाकटीने कित्येक दिवस डोकं चालवलं.

त्या घराचं दार एका नर्सने उघडलं. दुपारी ड्यूटीला जायच्या आधी कामं उरकायच्या घाईत होती, केसांना पिना लावत लावतच बोलली, "ताई, सगळीकडून पक्की जाळी बसवा. आणि आमचे बाबा मध्ये मध्ये येतील, त्यांचं मनावर घेऊ नका."

बाबा म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर चष्म्याची भिंगं घासलेला माणूस. नवरा जहाजावर, त्यामुळे घरात सासरे आणि सून दोघंच. म्हातारबुवा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बहिणींकडे त्यांनी असं पाहिलं, जणू या दोघी घर पाडायलाच आल्या आहेत.

थोरली वर गेली. एका कोपऱ्यात जुनी लोखंडी पट्टी गंजून वाकली होती, ती कापल्याशिवाय जाळी बसणार नव्हती. तिने ग्राइंडर सुरू केला, ठिणग्यांचा पहिला फवारा उडाला आणि खालून आरोळी आली.

"बंद कर ते! बंद कर आधी!"

म्हातारबुवा काठी टेकत, लंगडत, शिडीपाशी पोचलेसुद्धा होते. थोरलीला वाटलं कुठे आग लागली. तिने बटण बंद केलं.

"काय झालं आजोबा?"

"ठिणग्या पाडू नकोस माझ्या छपरावर. ठिणगी निवली की तिचा गोळा होतो, लोखंडाचा, डोळ्याला न दिसणारा. मग तुझे गोळे कुठले आणि माझे कुठले, मी ओळखायचं कसं?"

धाकटीने म्हाताऱ्याच्या पाठीमागे उभं राहून कानशिलाजवळ बोट फिरवलं. तेवढ्यात सून बाहेर आली.

"झालं यांचं सुरू! ताई, तुम्हाला सांगते, मागे हे शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, किती महिने अंथरुणात होते. आणि चढले कशासाठी? गाळासाठी! लोक पन्हळीतला गाळ फेकून देतात, आमच्याकडे तो घरात येतो. खुब्याची माणसं मी रोज बघते हो वॉर्डात. सगळीच उठून चालत नाहीत." "म्हणून ही जाळी. गाळच नको आणि चढणंही नको."

यावर म्हातारबुवांनी वाद घातला नाही. थोरलीकडे वर पाहून एवढंच म्हणाले, "बसव जाळी, पोरी. तिचं काही चुकत नाही. फक्त आज निघेल तो गाळ टाकून देऊ नकोस. शेवटचाच आहे."

त्या 'शेवटचाच'ने थोरलीच्या काळजाला कुठेतरी ओरखडा काढला. तिने ग्राइंडर बाजूला ठेवला आणि हातकरवतीने पट्टी कापायला घेतली. तळहाताला फोड आले, धाकटीने खालून "अगं, काय वेडबिड लागलं का तुलाही?" म्हणून विचारलं, पण तिने करवत सोडली नाही. गाळ खरवडून बादल्यांत भरला आणि बादल्या स्वतः मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

खोलीत एक मोरी, एक टेबल आणि टेबलावर मायक्रोस्कोप. म्हातारबुवांनी गाळ पाण्याने धुतला, पानांचा चोथा वेगळा केला, उरलेली वाळू पसरून वाळायला ठेवली. आधीची वाळलेली एका ताटलीत होती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यांनी तिच्यावरून फिरवलं. पिशवीला काळी भुकटी चिकटली, मिशीसारखी उभी राहिली.

"यातले बहुतेक गोळे वेल्डिंगचे, गाड्यांचे, कारखान्यांचे," ते म्हणाले. "माणसाचेच. पण कधीतरी, ढीगभर वाळू धुतली की एखादा असा सापडतो. बघ." त्यांनी काचपट्टी भिंगाखाली सरकवली.

थोरलीने डोळा लावला.

आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात एक गोळा वर आला. काळा, पण नुसता काळा नव्हे. अंगावर कासवाच्या पाठीसारखी नक्षी, एका बाजूला चकाकणारा टिळा, आणि कडेला इतक्या बारीक, इतक्या शिस्तीत कोरलेल्या रेघा की कुण्या सोनाराने जन्म घालवला तरी जमू नयेत. श्वास घेतला तर तो उडून जाईल या भीतीने तिने श्वास धरून ठेवला.

"कुणी केलाय हा?" तिने विचारलं.

"कुणी नाही. आकाशातून आलाय. ग्रहांच्या मधल्या पोकळीत फिरत होता. खाली येताना हवेशी घासून वितळला, गोल झाला, आणि येऊन आमच्या छपरावर पडला. प्रयोगशाळेतून तपासून घेतलाय मी. त्याच्यातलं द्रव्य या जमिनीहून जुनं आहे. डोंगर नव्हते, समुद्र नव्हता, तेव्हाचं."

"खसखशीच्या दाण्याएवढाही नाही हो हा."

"नाहीच. आणि रोज पडतात. सगळीकडे. आता तुझ्या केसांतसुद्धा एखादा असायचा."

थोरलीचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. इतकी वर्षं ती छपरांवर वावरत होती आणि तिला वाटायचं, आपण घरांच्या वर आहोत. वर तर अजून सगळंच होतं.

"सूनबाईंना दाखवलंत कधी?"

म्हातारबुवा चुंबक पुसत राहिले. "दमून येते बिचारी. त्यात मी चिखल केलेला असतो. बोलणी खातो आणि गप्प बसतो. दाखवायचं राहूनच गेलं."

दारात सून उभी होती, खांद्याला पर्स, पायात बूट. ती निघते म्हणून सांगायला आली होती. एरवी ग्राहकांच्या घरगुती भानगडीत थोरली कधी नाक खुपसत नसे. पण आज ती टेबलापासून दूर झाली आणि म्हणाली, "ताई, निघायच्या आधी एकदा इथे डोळा लावा."

सून घड्याळाकडे बघत वाकली आणि वाकलेलीच राहिली. पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली, तिला कळलं नाही. बाहेर धाकटीने दोनदा हाक मारली.

"बाबा," शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "हे तुम्ही आपल्या पन्हळीतून काढलंत?"

"हो."

"आणि मी त्या बादल्या ओतून देत होते." तिने डोळे पुसले, पुन्हा भिंगाला लावले. मग सरळ उभी राहून नर्सच्याच आवाजात म्हणाली, "तरी शिडीवर चढायचं नाही."

"कशाला चढतील?" थोरली म्हणाली. "जाळीने पानं अडतात. ही धूळ कुठली अडायला? ती पाण्याबरोबर पाइपातून खाली येणारच. पाइपाच्या तोंडाशी कमरेच्या उंचीवर एक पेटी बसवते. पाणी वरून ओसंडून जाईल, जड कण तळाशी बसतील. झाकण उघडायचं आणि उभ्या उभ्या काढून घ्यायचे."

म्हातारबुवांनी आधी तिच्याकडे, मग सुनेकडे पाहिलं. नापास होता होता पास झालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलला.

पेटी बसली. पुढच्या कितीतरी पावसांत तिच्यात वेल्डिंगचेच गोळे निघाले. धाकटी म्हणायची, "आकाश यांचा पत्ता विसरलं वाटतं." थोरली मात्र त्या बाजूला काम निघालं की वाट वाकडी करून जायची. एकदा तर भर पावसात गेली, तर सासरे आणि सून एका छत्रीखाली पेटीजवळ उभे. स्टेशनवर पाहुणा उतरायची वाट बघावी तसे दोघं पाइपातून पडणाऱ्या धारेकडे बघत होते. तीही जवळ जाऊन उभी राहिली.

मग एका सकाळी सुनेचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "ताई, सापडला! मला सापडला, बाबांना नाही! तुम्ही याच!"

दोघी हातातलं काम टाकून गेल्या. हा गोळा काळा नव्हता. मधासारखा, काचेचा, आरपार उजेड जाणारा, आणि पोटात एक चांदीसारखा थेंब. म्हातारबुवा त्याच्याकडे बघून झाल्यावर भिंतीला टेकून नुसते बसले होते. असा त्यांनीही कधी पाहिला नव्हता.

"आता मी," म्हणत धाकटी पुढे घुसली. सून बाजूला व्हायला तयार नव्हती, एकदाच, एकदाच म्हणत पुन्हा वाकत होती. थोरलीने हात धुतले, पदराला पुसले आणि धाकटीच्या मागे आपली पाळी यायची वाट बघत उभी राहिली.