नरहररावांच्या डोक्यातलं पाणी

मी डोक्यातलं पाणी बोलतोय. दचकू नका, तुमच्याही डोक्यात मी आहेच! भोपाळच्या सोनागिरीत राहणाऱ्या नरहर पाठराबे यांच्या मेंदूत माझा जन्म झाला. मेंदूच्या आत पोकळ्या असतात आणि त्यांत बारीक तांबूस झालरी. त्या झालरी रक्तातून निवडून निवडून मला तयार करतात, दिवसाला जवळपास अर्धा लिटर. जागा मात्र जेमतेम दीडशे मिलिलिटरची. म्हणून नवं आलं की जुन्याने डोक्याच्या वरच्या अंगाच्या बारीक वाटांनी परत रक्तात मिसळायचं.

आयुष्य काही तासांचंच, पण जाणारा येणाऱ्याला सगळं सांगून जातो, त्यामुळे मला जुनंही ठाऊक आहे. आणि काम किती मानाचं! सव्वा-दीड किलोचा मेंदू मी असा तरंगत ठेवतो, की तो पन्नास ग्रॅमचा वाटावा.

नरहरराव मोठ्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर आणि त्यांत भरलेलं तेल तपासायचे. निवृत्तीनंतरही रोज आनंद नगरपर्यंत पायी जाऊन यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यातल्या परतीच्या वाटा मंदावल्या. आमचं येणं तेवढंच, जाणं कमी. पोकळ्या फुगल्या, पायांकडे जाणाऱ्या तंतूंवर ताण आला. ज्याला जपायचं त्यालाच मी छळत होतो. फार वाईट वाटायचं.

त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे झाले. न्हाणीघरापर्यंत जायलाही पत्नीचा, कांचनताईंचा हात लागे. त्यातही वेळेवर पोचतील याचा भरवसा नाही. नावं विसरू लागले. जो तो म्हणाला, "वय झालं." माणसांची ही खोडच आहे. सत्तरी ओलांडलेल्याचं काहीही बिघडलं, की चौकशी तिथेच संपते! कांचनताईंनी मात्र हट्टाने स्कॅन करवून घेतला.

"काका, डोक्यात पाणी साठलंय," डॉक्टर मानसी म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात कमरेतून थोडं काढून बघू. चालण्यात फरक पडला, तर ऑपरेशन करून जादा पाणी काढून देणारी कायमची नळी बसवता येईल. नाही पडला, तर ऑपरेशनचा फारसा भरवसा देता येणार नाही."

हे ऐकून नरहररावांनी काय करावं? घरी येऊन पाणी पिणंच सोडलं!

"वरून भरणं बंद केलं की लेव्हल आपोआप उतरते," त्यांनी कांचनताईंना ठणकावलं. "चाळीस साल हेच काम केलंय मी."

जीभ कोरडी पडली, डोकं गरगरू लागलं, आणि झालरी आपल्या चालीने मला तयार करतच राहिल्या. तिसऱ्या दिवशी कांचनताईंनी फोन लावला. डॉक्टर हसल्या आणि रागावल्याही. "काका, तो नळ तुमच्या हातात नाहीये. चुपचाप पानी पीजिए!"

तपासणीच्या सकाळी आधी त्यांना चालवून पाहिलं. दहा मीटरला चौतीस पावलं, चाळीस सेकंद. "रीडिंग लिहून घ्या," नरहररावांनी बजावलं. मग कमरेत सुई गेली. मी तेव्हा कण्यातून खाली उतरलो होतो, थेंबाथेंबाने काचेच्या नळीत आलो आणि पहिल्यांदा उजेड पाहिला.

नरहररावांनी नळी मागून घेतली. "एकदम साफ! आमचं तेल असं असतं, तर मी डोळे मिटून पास केलं असतं." त्यांच्याच डोक्यात राहूनही त्यांचा चेहरा मी आत्ता कुठे पाहत होतो. विरळ मिशी, भेदरलेले डोळे. मनात म्हटलं, माझ्या जाण्याने तरी या माणसाचं भलं होऊ दे.

बाकीच्या नळ्या प्रयोगशाळेत गेल्या. मी डॉक्टरांच्या टेबलावर राहिलो. दार उघडंच होतं. तीन तासांनी नरहरराव व्हरांड्यात उभे राहिले. कांचनताईंनी सवयीने हात पुढे केला. तो धरायच्या आत त्यांचं पाऊल उचललं गेलं. घासलं नाही, चांगलं उचललं गेलं! मग दुसरं, तिसरं.

"एकोणीस पावलं, अठरा सेकंद," डॉक्टर म्हणाल्या. "काका, ऑपरेशन करायचं!"

काका कुठे ऐकतायत? ते दहा मीटरची रेघ ओलांडून पुढे निघाले होते.

"अहो, थांबा! मला येऊ द्या ना!" कांचनताई पदर सावरत मागे धावल्या. रडत होत्या आणि हसतही होत्या.

तुमच्या घरात कुणाचे पाय असे चिकटत असतील, तर नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका, एकदा दाखवा. माझं म्हणाल, तर थोड्या वेळाने मला सिंकमध्ये ओततील. खुशाल ओतू देत. नरहरराव व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीपर्यंत पोचलेत.