हवेलीचं शेवटचं रीळ

“मातीत गाडली, अग्नी दिला नाही, म्हणून ती या घरात फिरते,” पडद्याशेजारी उभा असलेला शिवरुद्र म्हणाला आणि थांबला. या वाक्यानंतर मनात पंधरापर्यंत मोजायचं आणि मगच पुढे बोलायचं, अशी त्याची रीत होती. तेवढ्या वेळात तंबूतली माणसं आपोआप एकमेकांना चिकटून बसत. आज तो नऊपर्यंत आला असेल, तोच बायकांच्या बाजूला कुणीतरी उठलं. सिनेमाच्या मशीनच्या उजेडात त्याला दिसलं, की पदर घट्ट ओढून, बसलेल्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर चाललेली ती नीलम्मा आहे. त्याची बायको.

आणि मग त्याने आपलंच वाक्य ऐकलं. चार वर्षं तो ते म्हणत आला होता. ऐकलं मात्र त्या संध्याकाळी.

खेळ थांबवता येत नव्हता. उरलेली दोन रिळं त्याने कशी सांगितली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. फरशी खणली गेली, हाडं निघाली, नदीकाठी चिता पेटली आणि हवेलीतला सारखा विझणारा दिवा शेवटी शांत तेवत राहिला. पूर्णा जंक्शनवरच्या गँगमन लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातला एक जण नेहमीसारखा म्हणाला, “अण्णा, आज काय झोप न्हाई बगा आमाला.” शिवरुद्र बाहेर आला तेव्हा नीलम्मा तंबूच्या दाराशी, पडदा दिसेल अशा जागी, पाण्याच्या पिंपाला टेकून उभी होती. डोकं दुखायलंय, एवढंच ती म्हणाली.

बोलणारी चित्रं मोठ्या शहरांत येऊन गेली होती. निजामाच्या मुलखात मात्र शिवरुद्राचे मालक व्यंकटराव यांच्या तंबूसारखे फिरते तंबू अजून मुक्या चित्रांची जुनी, ओरखडलेली रिळं घेऊन हिंडत. पडद्यावर अधूनमधून अक्षरं येत ती गुजराती नाहीतर इंग्रजी. ती वाचणारं तंबूत कुणी नसे आणि शिवरुद्रालाही ती येत नसत. म्हणून सांगणारा लागायचा. आधी हे काम माणिकराव नावाचे परभणीचे एक कीर्तनकार करत. त्यांचा घसा बसला तेव्हा त्यांनी हवेलीच्या चित्राची सहाही रिळं शिवरुद्राकडून शब्दन्‌शब्द पाठ करून घेतली. शिवरुद्र हा खरं तर दुकानात मीठ मागतानाही दोनदा घसा खाकरणारा माणूस. पण अंधारात, आपलं तोंड कुणाला दिसत नाही म्हटल्यावर, त्याला बोलता येई.

माणिकरावांनी त्याला भीतीची वीण शिकवली होती. पहिल्या रिळात भूत नाही, घर दाखवायचं. लोकांना ते घर आवडलं पाहिजे, आपलंसं वाटलं पाहिजे. दुसऱ्यात झोपाळा आपोआप हलतो, तिथे सांगणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. तिसऱ्यात घाबरलेल्या बायकोला नवरा हसतो, तिथे माणसांना त्याचा राग येऊ द्यायचा. चौथ्यात जुनी गोष्ट बाहेर पडते, की याच घरात सासऱ्याने सुनेचा गळा दाबला आणि तिला फरशीखाली पुरलं. माणिकराव म्हणत, अग्नी दिला नाही हे वाक्य खिळ्यासारखं ठोक. पुढचं खणणं आणि चिता, सगळं त्या खिळ्यावर टांगलेलं आहे.

माणिकराव अग्नी देणाऱ्यांतले. शिवरुद्र लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात आणि माती देतात. तरी ते वाक्य आपल्या दारावरून जातं आहे, हे इतक्या वर्षांत त्याला कधी जाणवलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याची एकुलती एक मुलगी महादेवी तापाने गेली. नऊ वर्षांची होती. गावी, पिंगळीच्या शेतात बांधालगत त्याने तिला माती दिली. त्याच तापाने नीलम्मा घरात बेशुद्ध पडलेली, ती तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. महिन्याभराने शिवरुद्र सेलूला तंबूत उभा राहिला, तेच वाक्य म्हणाला, पंधरा मोजले आणि पुढे गेला. तेव्हाही त्याला काही झालं नव्हतं. आता त्याची त्याला लाज वाटली.

त्यानंतर नीलम्माने पिंगळी सोडली नव्हती. या वेळी त्यानेच आग्रह करून तिला पूर्णेला आणलं होतं. शिवरात्रीच्या जत्रेनंतर हैदराबादेहून बोलणारं मशीन येणार, मग सांगणाऱ्याचं काम उरणार नाही, असं मालक म्हणाले होते. त्याआधी बायकोने आपल्याला एकदा ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेच्या चाळीमागच्या भाड्याच्या खोलीत चूल पेटली नाही. नीलम्मा भिंतीला टेकून बसली होती.

“पोरीला उघडा,” ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही.

“माती काढा अन् अग्नी द्या तिला. सांजच्याला उंबऱ्यापाशी कुणी बसल्यावानी वाटतंय मला, दोन वर्सं झाली. मी म्हनायची, मनाचे खेळ हायेत. न्हाई. तिला वाटच गावली न्हाई.”

ते चित्र आहे, तोंडाला रंग फासलेली माणसं आहेत, त्यांची रीत वेगळी, आपली वेगळी, असं तो परोपरीने सांगत राहिला. अंधारात जिभेवर बसणारे शब्द उजेडात पळून जात होते. शेवटी तो मठातल्या म्हाताऱ्या स्वामींना घेऊन आला. लिंगात मिळालेला जीव मागे फिरत नाही, त्याला भूतपण नाही, हे स्वामींनी मायेने समजावलं. नीलम्माने पदर घेऊन सगळं ऐकलं, पाया पडली. स्वामी गेल्यावर म्हणाली, “स्वामी सांगत्यात ते पोथीतलं. तुमचं मी दारातून डोळ्यानं बघितलंय. धूर निघाला अन् दिवा तेवला.”

उद्या सकाळच्या गाडीने आपण पिंगळीला जाणार, असं तिने सांगून टाकलं. तिचा भाऊ वीरुपाक्ष तिथेच असे. बहिणीने डोळ्यांत पाणी आणून कुदळ उचल म्हटल्यावर तो नाही म्हणणार नव्हता.

शिवरुद्र चंद्रभानकडे गेला. चंद्रभान मशीन चालवायचा, पन्नाशीचा, विडीने काळ्या पडलेल्या ओठांचा माणूस. रीळ गुंडाळत गुंडाळत त्याने सगळं ऐकून घेतलं.

“रीळ कापलं तर मालक माझं नाक कापतील, अण्णा.”

कापायचं नाही, शिवरुद्र म्हणाला, फक्त मागेपुढे करायचं. चितेचं रीळ आधी लावायचं. त्यात पाठमोरा एक माणूस आणि आग, चेहरा कुणाचाच दिसत नाही. दिवा यायच्या आत ते थांबवायचं. मग घर, झोपाळा, हसणारा नवरा. चौथं लावायचंच नाही. खणण्याचं रीळ सगळ्यात शेवटी, आणि हाडं दिसायच्या आत मशीनच्या भिंगावर हात ठेवायचा. म्हणजे जिला जाळली ती फिरत राहिली, आणि शेवटी तिला मातीत जागा मिळाली, असं होईल.

चंद्रभानने विडीचा झुरका घेतला. “म्हंजी जाळली म्हनून भूत झाली.”

“व्हय.”

“अन् आमी जाळनारे, अण्णा. माझी माय गेली औंदा. तंबूत आमच्या किती बाया असत्यात. त्यांनी घरी जाऊन काय करावं?”

शिवरुद्राचा चेहरा उतरला. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये. एका घरातलं भूत काढून दुसऱ्यांच्या घरांत सोडायला तो निघाला होता. तो तिथेच खाली बसला. मग म्हणाला, की मी जाळल्याचा दोष नाही सांगणार. तिला नेलं तेव्हा तिच्यासाठी कुणी रडलं नाही, असं सांगतो. अग्नी असो की माती, हे कुणालाही चालेल.

“हे बेस झालं,” चंद्रभान म्हणाला आणि सहाव्या रिळाचा डबा वर काढून ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने विनवलं म्हणून नीलम्मा पुन्हा तंबूत आली. पडद्यावर एकदम चिता पेटली. शिवरुद्र म्हणाला, “हिला नेली, पण हिच्यासाठी एक माणूस रडलं नाही. म्हणून ही घरी परत आली.” माणसं चुळबुळली. पुढे घर आलं, पण ते कुणाला आवडून घेता आलं नाही, कारण त्यात काय आहे ते आधीच कळलं होतं. झोपाळा हलला तेव्हा शिवरुद्र गप्प राहिला आणि त्या शांततेत कुणीतरी शेंगा फोडल्या. भीतीची सगळी वीण त्याच्या डोळ्यांसमोर उसवत गेली. एक जण म्हणाला, “अण्णा, उलटं लावलंय जणू.” दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या. तो बोलत राहिला. शेवटच्या रिळात घरधनी कुदळ घेऊन फरशी खणू लागला. “आता हा तिच्यासाठी जागा करतो आहे,” शिवरुद्र म्हणाला. खड्डा झाला, माणूस वाकला आणि पडदा काळा झाला. टाळी वाजली नाही.

व्यंकटराव ओरडले नाहीत. जत्रेपर्यंत ठेवणारच होतो, ते म्हणाले, पण उद्यापासून नका येऊ, अण्णा. चंद्रभानच चार शब्द बोलेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी नीलम्माने गाठोडं बांधलं. काही उपयोग झाला नाही, हे त्याने ओळखलं आणि निमूटपणे गाठोडं उचललं. पूर्णेच्या फलाटावर दोघं लिंबाखालच्या बाकावर बसली. गाडीला वेळ होता.

“पैल्या दिवशी हाडं निघाली व्हती,” ती समोर रुळांकडे बघत म्हणाली. “काल न्हाई निघाली.”

त्याने गाठोडं बाकाखाली सरकवलं.

“तुमी बदललं. माझ्यासाठी.”

“व्हय.”

“मग खरं कंचं? पैलं का कालचं?”

“दोनी बी खोटं.”

“मग खरं काय हाय?”

पडद्यावरच्या त्या परक्या मुलीची गोष्ट त्याने शेकडो वेळा सांगितली होती. स्वतःच्या मुलीबद्दल तो बायकोला दोनच शब्द बोलला होता, माती दिली. तिने पुढे विचारलं नाही, म्हणून त्याला वाटलं हिला ऐकायचं नाही. तो बोलला नाही, म्हणून तिला वाटलं यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

“खड्ड्यात मी उतरलो व्हतो,” तो म्हणाला. “वीरुपाक्ष म्हनला, दाजी, तुमी नका. मी उतरलो. मांडी घालून बसवली तिला. तोंड उत्तरेकडं केलं. कपाळाला इबूत लावली. डाव्या तळव्यावर लिंग ठिवलं, तर बोटं मिटंनात. ती मी मिटली, एकेक. बेलाची पानं ठिवली.” त्याचा उजवा हात नकळत पुढे आला. “पन मान ऱ्हाईना. सारकी पुढं येई, शाळेत पेंगायली की येती तशी. मग मी हनुवटीखाली हात धरला. लोक माती लोटायले. कमरंपस्तोर आली, छातीपस्तोर आली. स्वामी म्हनले, सोडा आता. मी न्हाई सोडलं. खांद्याला माती लागली तवा मान आपसूक ऱ्हायली. मग सोडलं.”

नीलम्माने विचारलं, “किती येळ धरलं व्हतं?”

“म्हाईत न्हाई.”

गाडी आली. पिंगळीला, परभणीला जाणारी माणसं चढली, टोपल्या चढल्या, गार्डाने हिरवं निशाण दाखवलं. गाठोडं बाकाखालीच होतं. शेवटचा डबा सिग्नलच्या पुढे निघून गेला तरी शिवरुद्राचा उजवा हात तसाच होता, पुढे, हवेत, बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हनुवटीएवढ्या उंचीवर, तळवा वर करून धरलेला.

नीलम्मा त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने आपला हात त्याखाली धरला, एकट्याला न पेलणारं ओझं उचलताना दुसऱ्याने लावावा तसा.