पितळेच्या रांगेतली सुरई

मी बोलतेय, बदनापूरच्या बेबीनंदाबाईंच्या मांडणीवरची सुरई. दिसायला पितळेची, असायला मातीची. माझं गाव तुर्कस्तानातलं चनाक्काले. तिथल्या कुंभारानं मला भाजलं, अंगावर मातीचीच फुलं चिकटवली आणि धातूची वाटावी म्हणून वरून सोनेरी रंग दिला. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कुणी हात पुढे केला की वाटतं, आता टिचकी मारणार आणि सगळं कळणार.

बाईंची मुलगी ज्योत्स्ना त्या देशात चार वर्षं शिकली. 'शिकलो ते आपल्या गावात वापरायचं,' असं सगळ्यांना सांगत ती परत निघाली. आईसाठी तिनं मला ओढणीत गुंडाळून आणलं.

घरी तिच्या वडिलांनी, देवानंदरावांनी, मला पाहिलं आणि लगेच शेजारच्या शालूताईंना हाक मारली. "बघा, अस्सल पितळ हाय. परदेशातलं."

ज्योत्स्नानं त्यांना खरं सांगितलं नाही. का, ते मला मांडणीवर बसल्यावर उमगलं. बेबीनंदाबाईंच्या आईच्या घरी फक्त मातीची भांडी होती. जातीवरून गावानं दुसरी ठेवू दिली नव्हती. बाईंनी मजुरी करून एकेक पितळी भांडं घेतलं होतं. घागर कोणत्या साली आली, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या रांगेत मी खोटी उभी होते. रोज ज्योत्स्ना माझ्याकडे बघायची, आईकडे वळायची आणि पाणी पिऊन निघून जायची.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाईंनी सगळी भांडी अंगणात काढली. चिंच, मीठ, काथ्या. घागर झाली, तांब्या झाला, मग मी. दोन हात फिरले आणि माझं सोनं त्यांच्या तळव्यावर आलं. पोटावर लाल माती उघडी पडली.

ज्योत्स्ना विहारातून येऊन दारातच थबकली.

"ही मातीची हाय?" बाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मंग महिनाभर गप का बसलीस?"

"वाटलं, तू म्हणशील, पोरगी एवढी शिकून पुन्हा मातीच घेऊन आली."

बाईंनी तळवा पदराला पुसला. "मला माती नको व्हती असं न्हाई, पोरी. दुसरं काही ठेवायची सोय न्हवती, ते नको व्हतं. आणि तू माझ्याशीच खोटं बोलून राह्यली."

ज्योत्स्ना आईशेजारी खाली बसली. "चुकले मी."

बाईंनी मला उचललं. बोट वाकवलं. जिची जन्मभर धास्ती घेतली, ती टिचकी बसली. मी खणकन वाजले.

"बिलकुल पक्की भाजलीय," त्या म्हणाल्या. "तुझी आजी असंच वाजवून माठ घ्यायची. आता तुझ्या पप्पांना सांग, शालूकडं जाऊन 'पितळ' हा शब्द परत घ्या म्हणावं."

आता मी त्याच रांगेत आहे, अर्धी सोनेरी, अर्धी लाल. बाई माझ्यात पाणी भरतात. उघड्या मातीतून ते पाझरतं आणि गार राहतं.

पण देवानंदरावांना चैन नाही. मला पुन्हा सोनेरी करायला जालन्याहून पेंटर आणतो म्हणतात. दाराशी मोटारसायकल थांबली की वाटतं, आला तो. तुम्ही बदनापूरला आलात तर त्यांना तेवढं थांबवा. माझ्यातलं पाणी प्या, आणि पेला खाली ठेवण्याआधी मला एक टिचकी मारा.