या वर्गात कुणाची आई मरणार नाही

"या वर्गात आजपासून कुणाची आई मरणार नाही!"

फान बाईंनी सराव परीक्षेच्या निबंधांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "त्रेचाळीस निबंध. एकोणीस आया गेल्या, सात बाप गेले, आणि एका शहाण्याची आजी तर दोनदा गेली. लाजा कशा वाटत नाहीत रे?"

वर्ग खो खो हसला. मी हसलो नाही, कारण त्या एकोणिसांत माझीही आई होती. धो धो पावसात तिला पाठीवर घेऊन मी दवाखान्याकडे धावलो होतो आणि ऐन दारात तिनं डोळे मिटले होते. खरी आई त्या घटकेला शाळेच्या फाटकाशी वाफेवर उकडलेले, सारण भरलेले बाओ विकत उभी होती. बाईंनी सकाळीच तिच्याकडून दोन घेतले होते.

"पण बाई, बाहेरच्या परीक्षकांनी मला साठापैकी अठ्ठेचाळीस दिलेत," मी पुटपुटलो.

"सरावात दिले! खऱ्या परीक्षेत परीक्षकापुढे दिवसभर आया मरतच असतात, यानलिन. एका निबंधाला दीड मिनिट. तुझ्या आईसाठी रडायला त्याला वेळ कुठाय? जा, तिचे हात बघून ये. मग लिही."

माझ्या गणिताचा आनंदीआनंद होता. अध्यापक महाविद्यालयात जायचं तर निबंधच मला तारणार होता. नाहीतर मामेभावाबरोबर बुटांचा कारखाना ठरलेला. म्हणून रोज सकाळी बाईंचं घड्याळ, पन्नास मिनिटं आणि आठशे चौकटींचा कागद. एका चौकटीत एक अक्षर. पहिल्या दिवशी तीनशेवरच माझी गाडी अडली.

"आईबद्दल एवढंच ठाऊक आहे होय?" बाई म्हणाल्या. मग काय, गेलो फाटकाशी.

"टक लावून काय बघतोस रे मेल्या? अभ्यास संपला वाटतं?" आई खेकसली. बाओला चुण्या घालणारा तिचा अंगठा सरळ होत नव्हता. अठरा वर्षं तिच्या हातचं खाऊनही मला तो दिसला नव्हता.

एप्रिलमध्ये बाई तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा बाहीवर काळी पट्टी होती. "त्यांची आई गेली," मागून कुणीतरी कुजबुजलं. बाईंनी घड्याळ लावलं. "पन्नास मिनिटं. लिहा." त्या दिवशी पहिल्यांदाच त्या स्वतःही कागद घेऊन बसल्या.

जूनमध्ये खरी परीक्षा. विषय होता, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही असं काहीतरी. दहा मिनिटं डोकं नुसतं रिकामं. घाबरून हात आपोआप त्या जुन्या पावसाकडे वळला. पण फाटकाबाहेर आई उन्हात उभी होती. लेकरांना यश यावं म्हणून आया त्या दिवशी लाल चिपाव, म्हणजे अंगाबरोबर बेतलेला लांब झगा, घालतात. तिचा शेजारणीकडून मागून आणलेला, इतका घट्ट की तिला धड श्वासही घेता येत नव्हता. अशा आईला मारायचं तरी कसं? मी तो अंगठा लिहायला घेतला. शेवटची चौकट भरली आणि घंटा झाली.

भाषेत दीडशेपैकी एकशे बत्तीस! निबंधाचे गुण वेगळे कळत नाहीत, पण बाईंनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. "छप्पन तरी असणार, लबाडा. कुणाला मारलंस?"

"कुणालाच नाही, बाई. आईचा अंगठा लिहिला." मी आईनं दिलेले गरम बाओ त्यांच्यापुढे ठेवले आणि धीर करून विचारलं, "बाई, एप्रिलमध्ये तुम्हीही लिहिला होतात ना निबंध?"

त्यांनी खणातून कागद काढला. वर शीर्षक होतं, 'माझी आई'. खाली आठशेच्या आठशे चौकटी कोऱ्या.

"पन्नास मिनिटांत मला नाही जमलं," बाई म्हणाल्या.

त्या सकाळी याच बाईंनी आमच्यातल्या एकालाही वेळ संपेपर्यंत मान वर करू दिली नव्हती.

बाईंनी एक बाओ उचलला, चष्मा वर सारून त्याच्या चुण्यांवरून हलकेच बोट फिरवलं.

"आईला सांग," त्या म्हणाल्या, "छान पडल्यात."